जुनी मियाटा सांभाळताना : किलोमीटर नव्हे, वय मोजा

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने दोन आसनांची, टप खाली घेता येणारी एक लहानशी गाडी मांडली. स्वस्त आणि हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा जमाना तोवर सरला होता. त्या गाड्या चालवायला मौजेच्या, पण ऑइल गळणे आणि वायरिंग दगा देणे ही त्यांची ख्याती होती. माझदाने तीच मौज दिली आणि सोबत जपानी भरवसाही दिला. जपानमध्ये ही गाडी ‘युनोस रोडस्टर’ म्हणून, अमेरिकेत ‘मियाटा’ म्हणून, तर युरोपात ‘एमएक्स-५’ या नावाने विकली गेली. उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची पहिली पिढी १९९७पर्यंत बनत होती आणि तिच्या चार लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. पुढच्या पिढ्या मिळून दहा लाखांचा टप्पा एप्रिल २०१६मध्ये ओलांडला गेला.

भारतात कंपनीने ही गाडी अधिकृतपणे कधी विकली नाही. आपल्याकडे हे नाव पोहोचले ते ‘स्वराज माझदा’च्या ट्रक आणि मिनीबसमुळे. मात्र अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला जुनी स्पोर्ट्स कार घेण्याची हौस असेल, तर त्याच्या यादीत मियाटाचे नाव हमखास असते. तिकडे मेकॅनिकची मजुरी महाग असल्याने सुटीच्या दिवशी स्वतः पाना हाती घेण्याचीही पद्धत आहे. ही माहिती मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. त्यामागचे तत्त्व मात्र पुण्या-मुंबईत एखादी जुनी फियाट किंवा मारुती जपणाऱ्यालाही लागू पडते.

ते तत्त्व असे. जुनी गाडी विकत घेताना आपण सर्वप्रथम किलोमीटरचा आकडा पाहतो. पहिल्या पिढीच्या मियाटाबाबत हा आकडा अर्धेच सत्य सांगतो. या गाड्यांतील सर्वांत नवी गाडीही आता पाव शतकाहून जुनी आहे. इंजिनातील पोलाद सहसा टिकून असते. त्याभोवतीचे रबर, प्लॅस्टिक आणि द्रवपदार्थ मात्र गाडी उभी असली तरी म्हातारे होत राहतात. कमी चाललेली, वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरते. शिवाय या गाडीत स्वस्त भाग महागड्या भागांची राखण करत असतात. दुर्लक्ष झाले की किंमत नेहमी महागडा भागच मोजतो.

प्रथम ओळख पटवा

पहिल्या पिढीत दोन इंजिने आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत १.६ लिटरचे, तर अमेरिकेत १९९४च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले. दोन्ही चार सिलिंडरची आणि दोन कॅम शाफ्टची आहेत. अनेक सुटे भाग दोघांना समान असले, तरी सगळेच नाहीत. त्यामुळे भाग मागवताना वर्ष आणि इंजिन दोन्ही सांगावे. त्या वर्षाचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवणे ही पहिली खरेदी समजावी. बोल्ट किती आवळायचा याचे आकडे तेथेच पाहावेत, अंदाजाने काम करू नये.

हत्यारे फारशी लागत नाहीत. १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरचे पाने व सॉकेट, चाकाच्या नटांसाठी २१चा सॉकेट, अॅलन की आणि एक टॉर्क रेंच एवढ्यावर बहुतेक कामे होतात. चाकाचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात.

गाडीखाली जाण्यापूर्वी

येथे कसूर झाली तर नुकसान गाडीचे होत नाही, माणसाचे होते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जमीन सपाट आणि टणक असावी. गाडी उचलल्यावर ठरावीक जागी जॅक-स्टँड लावावेत, चाकांना अडण घालावी आणि गाडी हाताने हलवून आधार पक्का असल्याची खात्री करावी. मागची बाजू मधोमध उचलायची असल्यास जॅक डिफरन्शियलच्या खाली, तर पुढची बाजू पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरखाली लावतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट या गाडीच्या मध्यभागी असते. जॅक लावण्यास ती सोयीची दिसते, पण तिच्यावर गाडीचा भार कधीही देऊ नये.

इंजिन ऑइल आणि टपटप आवाज

ऑइल बदलणे हे शिकण्यासाठी सर्वांत सोपे काम आहे. फिल्टरसह साधारण साडेतीन लिटर ऑइल लागते, १.८च्या इंजिनाला थोडे अधिक. अखेरचा निर्णय डिपस्टिकवरील खुणेनेच करावा. ऑइल काढण्याच्या बोल्टखालचे वॉशर दर वेळी नवे घालावे. फिल्टर मात्र अडचणीच्या जागी, गाडीच्या उजव्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. तो काढताना जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या रबरावर नवा फिल्टर बसला तर ऑइलची धार लागते. वर्षाकाठी गाडी हजार-दोन हजार किलोमीटरच चालत असली, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच.

थंड इंजिन सुरू करताना वरच्या बाजूने टपटप असा आवाज येणे, ही या गाडीची जुनी खोड आहे. व्हॉल्व्हमधील अंतर ऑइलच्या दाबावर आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट मळले की हा आवाज येतो. बऱ्याचदा एक-दोन वेळा लागोपाठ, लवकर ऑइल बदलल्याने तो कमी होतो. इंजिन खोलण्याचा विचार त्यानंतर करावा. आवाज खालून येत असेल आणि वेग वाढवताच जड होत असेल, तर मात्र गाडी थांबवून जाणकाराला दाखवावी.

गळती कोठून, याचा शोध

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून ऑइल ठिबकताना दिसले, की क्रँक शाफ्टचे मागचे सील गेले असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीचा आकडा मोठा होतो. प्रत्यक्षात अनेक मियाटांमध्ये ही गळती वरून येत असते. इंजिनाच्या मागच्या टोकाला, कॅम शाफ्टची स्थिती संगणकाला कळवणारा सेन्सर बसवलेला असतो. त्याभोवतीची रबरी ओ रिंग उष्णतेने प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि तेथून ओघळलेले ऑइल खालच्या जोडावर जमते.

ही रिंग अगदी स्वस्त असते आणि तिला धरणारा बोल्टही एकच असतो. जागा मात्र अरुंद आहे. सेन्सर काढण्यापूर्वी त्याची आणि इंजिनाची रेषा जुळेल अशी खूण करून ठेवणे आवश्यक आहे, कारण ठिणगीची वेळ याच सेन्सरच्या कोनावर ठरते. काम झाल्यावर टायमिंग लाइटने ही वेळ मॅन्युअलप्रमाणे तपासावी. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळत असल्यास तेही याच सुमारास बदलावे. गिअरबॉक्स उतरवण्यास होकार देण्यापूर्वी मागची बाजू पुसून स्वच्छ करून, चार दिवस गाडी चालवून गळतीचा उगम पाहण्याचा आग्रह धरावा.

टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप

क्रँक शाफ्ट आणि कॅम शाफ्ट यांची सांगड घालणारा टायमिंग बेल्ट रबरी असतो. अमेरिकेतील वेळापत्रकाप्रमाणे तो ६० हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटरनी बदलायचा असतो. जुन्या गाडीत तो शेवटी कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे गृहीत धरावे. दिलासा एवढाच, की पहिल्या पिढीच्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत. इंजिन बंद पडते, पण फुटत नाही. ही सवलत पुढच्या पिढ्यांतील सर्व इंजिनांना मात्र लागू नाही. शिवाय वेगवान महामार्गावर मधल्या मार्गिकेत गाडी बंद पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

पाण्याचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरत असला, तरी तो उतरवण्यासाठी टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. म्हणून बेल्टसोबत पंप, बेल्ट ताणणारी पुली, दोन्ही कॅम शाफ्टची आणि क्रँक शाफ्टची पुढची सील एकत्रच बदलण्याचा प्रघात आहे. श्रम एकदाच पडतात. नवा बेल्ट बसवताना कॅमच्या दोन्ही चाकांवरील ‘आय’ आणि ‘ई’ या खुणा वर जुळवतात. या दोन खुणांच्या दरम्यान बेल्टचे १९ दाते यावे लागतात. त्यानंतर पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. एका दात्याची चूकही इंजिनाचा जोम घालवते.

सुरुवातीच्या गाड्यांतील कच्चा दुवा

१९९०च्या मॉडेलपासून १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत एक खरी उणीव आहे. या इंजिनांच्या क्रँक शाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. त्यावरील पुली घट्ट धरणारा बोल्ट सैल राहिला किंवा चुकीचा आवळला गेला, तर पुलीला जागेवर ठेवणारी छोटी पोलादी चावी खाचेत हलू लागते आणि खाच झिजवते. पुली डगमगते, ठिणगीची वेळ बिघडते, गाडीची ताकद कमी होते. खाच पार झिजली की क्रँक शाफ्टच निकामी होतो. आखूड टोकाची ओळख म्हणजे पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसतात. सुधारित, लांब टोकाच्या इंजिनांत त्या आठ असतात.

आखूड टोकाची गाडी घेऊच नये असे नव्हे. अशा असंख्य गाड्या सुरळीत चालत आहेत. पण हा बोल्ट विनाकारण सोडवू नये. बेल्टच्या कामासाठी सोडवलाच, तर नवा बोल्ट आणि नवी चावी वापरून, मॅन्युअलमध्ये त्या इंजिनासाठी दिलेल्या आकड्यानेच आवळावा. काम मेकॅनिककडे दिले असल्यास इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हे त्याला आधी स्पष्ट सांगावे. इंजिन सुरू असताना पुली थरथरते का, हे गाडी विकत घेण्यापूर्वी पाहावे.

कूलंट आणि रेडिएटर

या गाडीच्या मूळ रेडिएटरची वरची टाकी काळ्या प्लॅस्टिकची असते. उष्णतेने ती हळूहळू हिरवट-तपकिरी होते. हा रंग दिसला की प्लॅस्टिक ठिसूळ झाले असे समजावे. अशी टाकी पूर्वसूचना न देता चिरते आणि कूलंट क्षणात वाहून जाते. चालकाचे लक्ष तापमानाच्या काट्याकडे नसेल, तर सिलिंडर हेड वाकते. रेडिएटरची किंमत आणि हेडच्या कामाचा खर्च यांत मोठी तफावत आहे.

रेडिएटर बदलताना वरचा आणि खालचा होज पाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकणही बदलावे. इंजिनाच्या मागे दडलेले हीटरचे पाइप सहसा विसरले जातात. त्यांचेही वय तितकेच झालेले असते. कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे. नळाचे पाणी न वापरता शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये.

प्लग, वायरी आणि फिल्टर

प्लग काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने गरम स्थितीत आटे जाण्याचा धोका असतो. नवा प्लग आधी हाताने फिरवून बसवावा, मगच रेंच लावावा. एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लगमधील अंतर सुमारे १.१ मिलिमीटर असते.

चढावर किंवा कमी वेगात अॅक्सिलरेटर दाबताच गाडी झटके देऊ लागली, तर दोष बहुधा प्लगच्या वायरींचा असतो. अशा वेळी कॉइल बदलण्याचा सल्ला मिळतो आणि तो महागात पडतो. रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून, हात दूर ठेवून, वायरींवरून ठिणग्या उडताना दिसतात का हे पाहणे ही जुनी आणि बिनखर्ची परीक्षा आहे. एअर फिल्टर दरवर्षी पाहावा आणि पेट्रोल फिल्टरचा इतिहास ठाऊक नसल्यास तोही बदलावा.

क्लच आणि गिअर

एका सकाळी क्लचचे पेडल थेट तळाला जाते आणि गिअर पडत नाही. मालकाला वाटते क्लच प्लेट गेली. बहुतेक वेळा गेलेला असतो तो स्लेव्ह सिलिंडर. गिअरबॉक्सच्या बाहेर, रस्त्यावरील पाणी आणि धूळ झेलत बसलेल्या या लहानशा भागातील रबरी सील झिजते. त्याचे रबरी बूट मागे सारले असता आत ओल दिसली, तर निदान पक्के. दोन बोल्ट आणि एक पाइप सोडवून हा भाग बदलता येतो. नंतर त्यातील हवा काढावी लागते. त्याच वयाचा मास्टर सिलिंडरही सोबत बदलणे शहाणपणाचे ठरते.

गिअरबॉक्समध्ये सुमारे दोन लिटर, ७५ डब्ल्यू-९० प्रतीचे, जीएल-४ दर्जाचे ऑइल लागते. येथे एक नियम पाठ करावा. ऑइल भरण्याचा बोल्ट आधी सैल करावा, त्यानंतरच ऑइल सोडण्याचा बोल्ट उघडावा. भरण्याचा बोल्ट गंजून अडकला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागीच खिळते. गिअरच्या दांड्याखाली रबराचे बूट आणि स्वतंत्र थोडे ऑइल असते. गाडीत पायापाशी गरम हवा आणि ऑइलचा वास येऊ लागला, की ते बूट फाटल्याचे समजावे.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि आतील भाग गंजतात. म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे. हे द्रव्य रंग खाते. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

पुढचे पॅड बदलणे सोपे आहे. मागे मात्र अनेक जण फसतात. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच असल्याने तेथील पिस्टन दाबून आत जात नाही. कॅलिपरच्या मागील बाजूचा झाकणासारखा बोल्ट काढून, आत ४ मिलिमीटरची अॅलन की घालून तो उलट फिरवत मागे घ्यावा लागतो. नवे पॅड बसवल्यावर पॅड डिस्कला टेकेपर्यंत की सुलट फिरवावी आणि सुमारे एक तृतीयांश फेरी मागे घ्यावी. पिस्टन शिकंज्याने जबरदस्तीने दाबला तर कॅलिपर बाद होतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या स्वच्छ करून त्यांना ब्रेकचे खास ग्रीस लावावे. ज्याला या कामाची खात्री वाटत नाही, त्याने रस्त्यावर जाण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यावे.

टप, पाण्याची वाट आणि गंज

इंजिनाची दुरुस्ती शेवटी शक्य असते. गंजलेला सांगाडा मात्र गाडी भंगारात घालतो आणि त्याचे मूळ अनेकदा मूठभर पाल्यापाचोळ्यात असते. टपावरील पावसाचे पाणी आसनांच्या मागे, दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून खाली उतरून मागच्या चाकांपुढे बाहेर पडते. ही वाट पानांनी, मातीने बुजली, की पाणी गाडीत आणि दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचते. पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. ब्रिटनमध्ये तर वार्षिक ‘एमओटी’ तपासणीत हा भाग गंजलेला आढळल्यास गाडी नापास होते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. छिद्रात पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते गाडीखालून लगेच बाहेर पडते का, हे पाहावे. न पडल्यास मऊ, लवचिक नळीने वाट मोकळी करावी. टोकदार तार खुपसू नये, आतली रबरी नळी फाटते. पानगळीनंतर ही परीक्षा न चुकता करावी. टप खाली घेण्यापूर्वी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट ठेवावी. थंडीत प्लॅस्टिक ताठ असते, तेव्हा दुमडल्यास ते तडकते.

बॅटरी या गाडीत डिकीत असते. मूळ बॅटरी बंदिस्त प्रकारची असून तिची वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. स्वस्त म्हणून साधी बॅटरी बसवली, तर आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा गंजतो. योग्य बॅटरी घ्यावी आणि नळ्या जोडल्याची खात्री करावी.

कोणते काम आधी?

इतिहास ठाऊक नसलेली गाडी हाती आल्यास क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात ब्रेक, टायर, पाण्याची छिद्रे आणि रेडिएटरचा रंग पाहावा. टायरवर नक्षी भरपूर असली, तरी बाजूवर छापलेले उत्पादनाचे वर्ष वाचावे. पहिल्या महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि क्लच यांतील सर्व द्रव्ये, तसेच कूलंट बदलावे. पहिल्या तीन-चार महिन्यांत टायमिंग बेल्ट, पंप, होज पाइप आणि सील यांचे काम उरकावे. चाके, स्टिअरिंग, आवाजी सायलेन्सर यांची हौस त्यानंतर पुरवावी. अनेक जण हा क्रम उलटा लावतात आणि चकचकीत चाकांची गाडी वर्षभरात तापून बंद पडते.

सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत या गाडीचे मालक सुदैवी आहेत. गाड्यांची संख्या मोठी असल्याने अनेक उत्पादक भाग बनवतात. माझदानेही २०१७मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याची योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती सुरू केली. त्यासाठी टप, लाकडी स्टिअरिंग आणि मूळ धाटणीचे टायरसुद्धा नव्याने बनवण्यात आले. सील, ओ रिंग आणि बेल्ट यांत दोन पैसे वाचवण्यापेक्षा मूळ किंवा नामांकित प्रतीचे भाग घ्यावेत. तेथे भागाची किंमत नगण्य असते आणि श्रम पुष्कळ असतात.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि भागाचा क्रमांक एका वहीत नोंदवून ठेवावा. गाडी विकताना ही वही रंगापेक्षा अधिक मोल मिळवून देते, आणि न विकल्यास पुढचे काम केव्हा करायचे हे सांगते. तीस वर्षांपूर्वी हिरोशिमातून बाहेर पडलेली गाडी आजही सकाळी पहिल्या चावीला सुरू होते, त्यामागे अशी एखादी वही आणि ती इमाने भरणारा मालक असतो.